मध्यंतरापर्यंतचं परीक्षण

माझा नवरा औषधांच्या दुकानात बसायचा आणि आठवड्यातून एकदा जगाबद्दल मत द्यायचा. दोन्ही कामं तो सारख्याच गांभीर्याने करायचा. दुकान त्याचं आणि माझ्या मोठ्या दिरांचं, वडिलांपासून चालत आलेलं. मत मात्र एकट्याचं. गावातल्या एका साप्ताहिकात त्याचं सदर होतं. सदराचं नाव ‘मला विचाराल तर’. त्याला कुणीही विचारलं नव्हतं, पण नाव चांगलं होतं आणि संपादकीणबाईंना पान चार भरायला माणूस हवा होता.

ही पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. साप्ताहिकाचं ऑफिस टायरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर होतं, त्यामुळे अंकाला रबराचा वास यायचा. सदराचे तीन भाग असत: एक चित्रपट, एक सामना आणि एक चालू घडामोड. घडामोडी त्याला दुकानाच्या काउंटरवर मिळत. माणूस औषधाची चिठ्ठी पुढे करतो तेव्हा एरवीपेक्षा जास्त खरं बोलतो, असं त्याचं म्हणणं. सामन्याचा भाग माझ्या वडिलांचा. बाबा एकतीस वर्षं फुटबॉलचे पंच होते. आई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, येताना दोन ट्रंका, एक शिट्टी आणि पंचाची नजर घेऊन आले. आमचं दोघांचं भांडण लागलं की ते मध्ये पडत नसत. नुसते मैदानावरच्या पंचासारखे हात पुढे पसरून म्हणत, “खेळ चालू.” रविवारी दुपारी जेवताना ते कालच्या सामन्याबद्दल जे बोलत, ते शुक्रवारी जावयाच्या नावानं छापून येई. बाबांनी कधी तक्रार केली नाही. “पंचाचं नाव कुठे छापतात?” एवढंच म्हणायचे.

घोळ होता तो चित्रपटाच्या भागात.

दर बुधवारी दिरांनी त्याला दुपारची सुट्टी दिली होती, दोन ते चार. चार म्हणजे चार. चारनंतर दवाखाने उघडत, आणि एकट्या माणसाला काउंटर झेपत नसे. थिएटर गावाच्या दुसऱ्या टोकाला. चित्रपट सव्वादोनला सुरू होई, साडेतीनला मध्यंतर. मध्यंतरात लोक बाहेर येऊन पाय मोकळे करत, आणि माझा नवरा सायकलवर टांग टाकून दुकानाकडे निघे. रविवारी साप्ताहिकाचा फुकट पास चालत नसे आणि स्वतःच्या खर्चानं मत द्यायचं, हे त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यामुळे उरलेला अर्धा चित्रपट तो पेडल मारता मारता स्वतःच रचायचा. नायिकेचे वडील नमणार, खलनायक पकडला जाणार, हरवलेला भाऊ सापडणार. आठ महिने कुणाला पत्ता लागला नाही, कारण आठ महिने चित्रपटांनी त्याला साथ दिली.

मला हे माहीत होतं. मी शाळेत गणित शिकवते. उत्तर बरोबर आणि रीत नाही, अशा वहीला मी निम्मे गुण देते. नवऱ्यालाही मी तेवढेच देत होते.

मग तो चित्रपट आला.

एक मुलगा मोठ्या शहरातली नोकरी सोडून आजारी आईकडे परत येतो. मोठं घर, घरात आई आणि एक मोलकरीण. मुलगा आईचे केस विंचरतो, तिला वर्तमानपत्र वाचून दाखवतो आणि दिवसातून तीनदा वेळच्या वेळी गोळी देतो. इथे मध्यंतर. नवरा घरी आला तेव्हा डोळे लाल होते. त्या आठवड्यात त्यानं जे लिहिलं, ते मला आजही पाठ आहे: “गोळी देताना त्या मुलाच्या नजरेत जी माया आहे, ती पाहून, एक औषधविक्रेता म्हणून, मला भरून आलं. घरोघरी असा मुलगा हवा.”

मध्यंतरानंतर काय होतं, ते आम्हाला शनिवारी सकाळी कळलं. तो मुलगा तिचा मुलगाच नव्हता. त्याला ते घर हवं होतं. आणि त्या गोळ्या म्हणजे विष होतं, थोडं थोडं, दिवसातून तीनदा, वेळच्या वेळी.

त्या दिवशी मीही दुकानात होते. पहिले आले निवृत्त पोस्टमन. रक्तदाबाच्या गोळ्या हातात घेऊन त्यांनी पाकीट उलटं केलं, सुलटं केलं, उजेडात धरलं.

“काय बघताय, काका?” नवऱ्यानं विचारलं.

“काही नाही. तुमच्या नजरेत आज माया जरा जास्तच दिसतेय.”

नंतर एक सासू-सून आल्या. सासूबाई पायरीवरच थांबल्या आणि सुनेला म्हणाल्या, “या दुकानातलं मी घेणार नाही. यांना असली मुलं आवडतात.” सूनबाईंनी आमच्याकडे पाहिलं आणि चेहरा पाडायचा प्रयत्न केला, पण तो काही नीट पडला नाही. दुपारपर्यंत हे प्रकरण चौकात पोचलं. संध्याकाळी दीर आमच्या घरी आले. ते बसलेच नाहीत.

“सत्तेचाळीस वर्षं,” ते म्हणाले. “सत्तेचाळीस वर्षं आपल्या दुकानातून कुणाला चुकीची गोळी गेली नाही. आणि तू विष घालणाऱ्याला घरोघरी पाठवलंस?”

“दादा, मी मध्यंतरापर्यंतच पाहिला होता.”

“मग मध्यंतरापर्यंतच लिहायचं!”

“चार वाजता दुकानात ये असं तूच म्हणतोस ना?”

दिरांनी माझ्याकडे रागानं पाहिलं आणि निघून गेले. बाबा खुर्चीतून म्हणाले, “खेळ चालू.”

नवऱ्यानं ठरवलं, सदर बंद. सोमवारी तो राजीनामा घेऊन टायरच्या दुकानाच्या जिन्यानं वर गेला, आणि अर्ध्या तासानं जो खाली आला तो तरंगतच आला. संपादकीणबाईंच्या टेबलावर एक्केचाळीस पत्रं आली होती. साप्ताहिक सुरू झाल्यापासून एकूण आली होती सात, त्यातली चार पोस्टाच्या चुकीनं. बाईंनी राजीनामा वाचला, घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला.

“तुम्ही मुद्दामच तसं लिहिलंत,” त्या म्हणाल्या.

“मुद्दाम?”

“शेवट फोडायचा नाही म्हणून. वाचकाचा आनंद जपण्यासाठी तुम्ही स्वतःची बदनामी पत्करलीत. पुढच्या अंकात हेच लिहा.”

“पण ते खरं नाही.”

“खोटं तरी कुठे आहे? तुम्ही शेवट फोडलात का?”

नाही फोडला, हे खरं होतं. फोडायला तो माहीत असावा लागतो. पण माणसाला चिखलातून बाहेर यायला कुणी हात दिला की तो हात धुतलेला आहे का हे कोण बघतं. त्यानं लिहिलं. आणि पुढचा शनिवार वेगळाच उजाडला. ज्यांनी अजून चित्रपट पाहिला नव्हता ते दुकानात येऊन त्याचे आभार मानू लागले. पोस्टमनकाका म्हणाले, “असा संयम आम्हाला नाही जमला. मी तर पायरी उतरता उतरताच पाच जणांना सांगून टाकलं.” पायरीवरून परतलेल्या त्या सासूबाईंनी खोकल्याच्या औषधाची मोठी बाटली नेली. दीरसुद्धा गिऱ्हाइकांना सांगू लागले, “आमचा धाकटा लहानपणापासूनच पोटात ठेवणारा.”

मी एकदाच म्हणाले, “अरे, हे बरं नाही.”

“मी काय वेगळं करतोय? लोकच समजून घेतायत.”

“लोक चुकीचं समजून घेतायत.”

“मग तो त्यांचा प्रश्न.”

वाचनालयाचं पत्र पुढच्या आठवड्यात, बुधवारी संध्याकाळी आलं. येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता ‘चित्रपट, खेळ आणि चालू घडामोडी: माझं वैयक्तिक चिंतन’ या विषयावर त्यानं बोलावं, विशेष करून त्या गाजलेल्या चित्रपटाच्या उत्तरार्धावर, कारण आता गावातल्या बहुतेकांचा तो पाहून झालाय. पत्र वाचताना नवऱ्याच्या चेहऱ्यावर आधी गुलाबी रंग आला, मग ‘उत्तरार्ध’ या शब्दापाशी तो रंग उतरला.

चित्रपट गुरुवारी उतरणार होता. शेवटचा खेळ गुरुवारी सव्वादोनचा. त्या दिवशी दीर औषधांच्या ठोक बाजारात जाणार होते, म्हणजे दुकान सोडणं शक्य नाही. माझी शाळेत परीक्षेवर देखरेखीची पाळी होती. त्यानं चार गिऱ्हाइकांना आडून आडून उत्तरार्ध विचारला. चौघांनी चार चित्रपट सांगितले. एकाच्या चित्रपटात तर विमान होतं.

शेवटी तो बाबांकडे गेला.

“मी?” बाबा म्हणाले. “अहो जावईबापू, मी दहा वर्षांत चित्रपट पाहिला नाही.”

“तुम्ही फक्त बघा आणि काय होतं ते लिहून आणा. मिनिटामिनिटाला.”

मिनिटामिनिटाला म्हटल्यावर बाबा उठले. ट्रंकेतून त्यांनी पंचांची छोटी वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि घड्याळ मिळवलं. गुरुवारी ते गेले, आणि संध्याकाळी आले ते थेट मोरीत जाऊन तोंड धुवायला लागले. बराच वेळ धुतलं. मग वही जावयाच्या हातात देऊन गॅलरीत जाऊन बसले.

आम्ही दोघांनी वही उघडली. मिनिटं फुटबॉलच्या हिशेबानं होती, उत्तरार्ध सेहेचाळिसाव्यापासून.

“मिनिट ४६. उत्तरार्ध सुरू. नायक उजवीकडून आत.

५३. नायक वकिलाशी खोटं बोलला. तोंडी समज.

५८. मोलकरणीला दारात ढकललं. सरळ फाउल. कुणी दखल घेतली नाही.

६१. गाणं. वेळ काढणे.

६९. पुन्हा गाणं. आता मात्र पिवळं कार्ड.

७४. जुना डॉक्टर बाहेर, नवा डॉक्टर आत. बदलीचं कारण कळलं नाही.

७९. मोलकरणीचं पत्र जाळलं. लाल कार्ड. तरी माणूस मैदानातच.

८८. म्हातारी उठून बसली.”

त्यापुढे कोरं पान होतं.

“बाबा,” नवऱ्यानं गॅलरीकडे तोंड करून विचारलं, “अठ्ठ्याऐंशीनंतर काय झालं?”

“संपलं.”

“संपलं कसं? म्हातारी वाचली का? नायक पकडला गेला का?”

“निकाल लागला,” बाबा म्हणाले, आणि पाठ फिरवून रस्त्याकडे बघत राहिले. मी नवऱ्याच्या दंडाला हात लावला. त्यानं पुढे विचारलं नाही. पण शनिवारी संपूर्ण दिवस तो काउंटरवर ‘म्हातारी उठून बसली’ या एका वाक्यातून दहा मिनिटांचं भाषण काढायचा प्रयत्न करत होता. एका माणसाला त्यानं डोकेदुखीऐवजी पोटदुखीची गोळी दिली आणि दिरांनी ती काउंटरवरच अडवली.

रविवारी वाचनालयात साठ खुर्च्या भरल्या. संपादकीणबाई अध्यक्ष. दीर पहिल्या रांगेत, नवा शर्ट घालून, ‘वक्ता आमचा’ असा चेहरा करून. मी तिसऱ्या रांगेत, आणि बाबा सगळ्यात मागे, दाराजवळ. मैदान सगळं दिसेल अशी जागा ते कुठेही शोधून काढत.

खेळावर तो झकास बोलला. म्हणजे बाबाच बोलले. चालू घडामोडींवर त्यानं बाजारातला बसथांबा हलवल्याबद्दल नगरपालिकेला चांगलंच सुनावलं, आणि टाळ्याही पडल्या. मग चित्रपट. त्यानं रुमालानं कपाळ टिपलं आणि बाबांची वही टेबलावर उघडून ठेवली.

“उत्तरार्धात,” तो म्हणाला, “दिग्दर्शकानं नियमभंगाची एक साखळी उभी केली आहे. आधी वकील. मग मोलकरीण. मग पत्र. आणि यात कुणीही दखल घेणारा नाही, हीच आजच्या काळाची शोकांतिका आहे.”

माणसं माना डोलवू लागली. कुणीतरी लिहूनही घेतलं. मला वाटलं, सुटला.

“आणि दोन गाण्यांच्या बाबतीत मी कडक भूमिका घेईन. आणि मग तो क्षण येतो. म्हातारी उठून बसते.”

तो थांबला. त्या थांबण्याला लोकांनी परिणाम समजून टाळ्या वाजवल्या. टाळ्या विरल्या तरी तो थांबलेलाच होता.

दुसऱ्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, आखूड केस, खांद्याला पर्स. “मी टेलिफोन खात्यात नोकरी करते,” त्या म्हणाल्या. “हौस म्हणून नाटकात कामं करते. या चित्रपटात ती म्हातारी मी केलीय.”

सभागृहात एकच कुजबुज झाली. टोप आणि रंग लावून त्यांना पडद्यावर पंचाहत्तरीची केलं होतं, त्यामुळे त्यांना कुणी ओळखलंच नव्हतं.

“मला एकच विचारायचंय,” बाई म्हणाल्या. “माझा शेवटचा प्रसंग तुम्हाला कसा वाटला?”

“अप्रतिम,” नवरा म्हणाला. “ते उठून बसणं…”

“उठून बसणं नाही. त्यानंतरचं.”

नवऱ्यानं वहीकडे पाहिलं. वहीचं पान उलटलं. कोऱ्या पानाकडे माणूस किती वेळ बघू शकतो, हे मी परीक्षेच्या वर्गात नेहमी पाहते. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. मदत करायची नाही असं नव्हतं, पण उत्तर मलाही येत नव्हतं.

“बाई,” तो म्हणाला, “मी तो पाहिलेला नाही.”

“शेवटचा प्रसंग?”

“मध्यंतरानंतरचं काहीच. याच नाही, कुठल्याच चित्रपटाचं. चार वाजता मला दुकान असतं.” आणि एकदा बांध फुटल्यावर तो थांबेचना. “शेवट जपला वगैरे काही नाही. मला ठाऊकच नव्हता. ही वहीसुद्धा सासऱ्यांची आहे. सामन्यांवरचं सगळं त्यांचंच. आणि तो बसथांबा, मी नव्या जागी जाऊन बघितलेलाही नाही. जुन्या थांब्यासमोरच्या दुकानदारांनी सांगितलं ते लिहिलं.”

“नव्या जागी सावली आहे,” मागून कुणीतरी म्हणालं.

“असेल,” नवरा म्हणाला. “चांगलं आहे मग.”

दिरांनी डोळे मिटून घेतले. संपादकीणबाई टेबलाखाली काहीतरी पडल्यासारख्या वाकल्या आणि वाकूनच राहिल्या. कुणाला हसावं की ओरडावं कळेना. पहिल्या हसल्या त्या टेलिफोनवाल्या बाई. अशा हसल्या की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

“मीही नाही पाहिला,” त्या म्हणाल्या. “दोनदा गेले. दोन्ही वेळा पडद्यावर मी उठून बसले, आणि इकडे मी उठून बाहेर आले. आपलंच मरण तिकीट काढून कोण बघणार? म्हणून तर तुम्हाला विचारलं. म्हटलं, या माणसानं नीट पाहिलं असेल.”

आता साठ खुर्च्या हसल्या. नवराही हसला, कानापर्यंत लाल होऊन. आणि हसणं ओसरत होतं तेव्हा मागून आवाज आला.

“मी पाहिलाय.”

बाबा उभे होते. सभेत बोलायची त्यांना सवय नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी मैदानावर फक्त शिट्टी वाजवली होती.

“ती उठून बसते,” ते म्हणाले. “तो गोळी घेऊन येतो. ती म्हणते, माझ्या मुलाच्या मनगटावर तीळ होता, तुझ्या नाही. पहिल्या दिवशीच बघितलं मी. तो नुसता उभा. मग ती हात पुढे करते आणि म्हणते, पण आई म्हणून हाक मारलीस ना. पाणी दे. आणि गोळी घेते.”

संपादकीणबाई टेबलाखालून वर आल्या.

“आमच्या घरी उलटं होतं,” बाबा म्हणाले. “हिची आई,” त्यांनी माझ्याकडे बोट केलं, “शेवटच्या वर्षात मला ओळखत नव्हती. रोज विचारायची, तुम्ही कोण? मी सांगायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. पण गोळी आणली की हात पुढे करायची. परक्या माणसापुढे. म्हणून ते पान कोरं राहिलं. वहीत लिहायला हवं होतं, माझी चूक झाली.”

हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आई मला ओळखत नव्हती हे मला माहीत होतं. त्यांनाही ओळखत नव्हती, हे त्यांनी दोन वर्षं पोटात ठेवलं होतं. मी उठून मागे गेले आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले. त्यांनीच हळूच विचारलं, “जास्त बोललो का?” मी ‘नाही’ अशी मान हलवली. तेवढ्यानं त्यांना धीर आला असावा, कारण त्यांनी पुन्हा सभेकडे तोंड केलं आणि म्हणाले, “बाकी तो वकील मात्र ऑफसाइड होता. स्पष्ट ऑफसाइड. कुणाचं लक्षच नाही.”

त्यानंतर ज्या हशा-टाळ्या झाल्या, त्या वाचनालयानं आधी कधी ऐकल्या नसतील.

पुढचं थोडक्यात सांगते. सदर बंद पडलं नाही. संपादकीणबाईंनी पान चारच्या वर दोन नावं छापली, जावयाचं आणि सासऱ्याचं. स्वतःचं नाव छापून आलेलं पाहून बाबांनी अंक वासासकट ट्रंकेत ठेवला. नवऱ्यानं नव्या बसथांब्यावर जाऊन अर्धा तास बसून बघितलं आणि लिहिलं की सावली आहे, पण बस थांबत नाही. त्यावर नगरपालिकेचा माणूस दुकानात भांडायला आला आणि जाताना पित्ताची गोळी घेऊन गेला. दिरांनी बुधवारची सुट्टी पाचपर्यंत वाढवली. “घराण्याच्या अब्रूसाठी,” म्हणाले.

आणि टेलिफोनवाल्या बाईंनी पंधरा दिवसांनी फोन केला. चित्रपट शेजारच्या गावात लागला होता. त्यांना शेवटपर्यंत बसायचं होतं, पण एकटीनं धीर होत नव्हता. “तुमच्या वडिलांना विचाराल का? त्यांना प्रसंग माहीत आहे. मी उठायला लागले तर त्यांनी मला खाली बसवायचं.”

बाबांनी दाढी केली, जी ते शनिवारी कधीच करत नसत. वही घेतली, मग काय वाटलं कोण जाणे, परत ठेवली. बसनं गेले, बसनं आले. बाई त्यांना सोडायला आमच्या दारापर्यंत आल्या आणि चहाला थांबल्या.

“बसलात का शेवटपर्यंत?” नवऱ्यानं अधीर होऊन विचारलं.

“बसले,” बाई म्हणाल्या. “पण मी आता त्या दिग्दर्शकाला सोडत नाही. मी मरत असताना टोप सरकलाय! इथे, कानामागे, माझे खरे केस दिसतात. अख्ख्या थिएटरात कुणाला कसं दिसलं नाही? तुम्हाला तरी दिसायला हवं होतं,” त्या बाबांकडे वळल्या. “एकतीस वर्षं पंच होतात म्हणे.”

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला.

“मला कसा दिसणार?” ते म्हणाले. “मी दोन्ही वेळा रुमालात होतो.”